एलईडी दिवे निवडताना वॅट विचारावेत की आणखी काही?

उंबरठा (धागाकर्ता):
घराचे नूतनीकरण अर्ध्यावर आले आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो आणि तळमजल्यावर आमचा कपडे शिवण्याचा व विकण्याचा छोटा व्यवसाय आहे. फॉल्स सीलिंग अजून चढलेले नाही, तारा उघड्या लोंबत आहेत आणि दिव्यांच्या जागा ठरवायला माझ्या हाती जेमतेम दोन आठवडे उरले आहेत. वायरमनने वहीचे कोरे पान पुढे करून एकच प्रश्न विचारला, 'कोणत्या खोलीत किती वॅट लिहू?' जुन्या सवयीने मी साठ, शंभर असे आकडे सांगू लागलो, तेव्हा तो नम्रपणे हसला आणि त्या हसण्याने माझे अज्ञान माझ्याच लक्षात आले.

सीलिंगचे काम करणाऱ्यांकडे मात्र उत्तर तयार आहे. प्रत्येक खोलीत सारख्या अंतरावर आठ डाउनलाइट (छतात बसवलेले, सरळ खाली उजेड टाकणारे दिवे), सर्व ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, आणि कडेने फिरणारी एक स्ट्रिप, म्हणजे एलईडीची चिकटपट्टी. खोली झोपायची असो वा शिवणाची, त्यांच्या आराखड्यात फरक पडत नाही. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे सांगण्याइतके ज्ञानही माझ्याकडे नाही. खोक्यावरील कोणते आकडे वाचावेत, घराला आणि कामाच्या जागेला वेगळे निकष लावावेत का, आणि आज केलेली कोणती चूक पुढे छत फोडल्याशिवाय सुधारता येणार नाही, एवढे समजले तरी पुष्कळ आहे.

फेज_न्यूट्रल:
'किती वॅट' हा प्रश्न तंतूच्या दिव्यांच्या काळात बरोबर होता, कारण तेव्हा वॅट सांगितले की उजेड आपोआप कळत असे. साठ वॅटचा जुना बल्ब सुमारे ८०० लुमेन उजेड देई आणि बाकी जवळजवळ सगळी वीज उष्णतेत घालवी. आज तेवढेच ८०० लुमेन ८ ते ९ वॅटमध्ये मिळतात. पण एखाद्या उत्पादकाला त्यासाठी ७ वॅट पुरतात आणि दुसऱ्याला ११ लागतात. म्हणजे वॅट हे तुमच्या मीटरचे मोजमाप झाले, उजेडाचे नव्हे. खोक्यावर लुमेन छापलेले नसतील तर मी तो दिवा परत फळीवर ठेवतो. दोन दिवे समोर असतील तर लुमेनला वॅटने भागावे. उत्तर १०० च्या आसपास किंवा वर आले तर ठीक, ७० च्या खाली आले तर तो जुना माल समजावा.

एक हिशेब मात्र सांगतो. रोज पाच तास जळणारा ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. त्यानंतर ९ च्या जागी ७ वॅटचा लावून वाचतात ती चार युनिटेही नाहीत. तेव्हा शेवटच्या दोन वॅटसाठी रंग आणि टिकाऊपणा यांचा बळी देऊ नये.

कंदील:
सारख्या अंतरावर आठ डाउनलाइट आणि ६५०० केल्विन! आपल्याला झोपण्याची खोली हवी आहे की शस्त्रक्रियागृह, एवढे आधी ठरवून घ्या.

अर्धवट_अभियंता:
विनोद बाजूला ठेवून आकड्यांकडे वळू या. दिव्यातून निघतो तो प्रकाश लुमेनमध्ये मोजतात आणि पृष्ठभागावर पोहोचतो तो लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. कामाच्या जागांसाठीच्या ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात ये-जा करण्याच्या मार्गाला १००, लेखन-वाचनाला ५०० आणि शिवणकामाला ७५० लक्स सांगितले आहेत. घराला असे बंधन नाही, पण बैठकीच्या खोलीत सर्वसाधारण उजेड १०० ते १५० लक्स असला तरी डोळ्यांना पुरेसा वाटतो.

उलटा हिशेब असा करायचा: हवे तेवढे लक्स गुणिले खोलीचे क्षेत्रफळ, आणि त्याला दोन अपूर्णांकांनी भागायचे. पहिला अपूर्णांक निघालेल्या प्रकाशापैकी कामाच्या पातळीवर पोहोचतो किती, याचा. पांढऱ्या भिंती असतील तर ०.६ धरावा, गडद भिंती असतील तर बराच कमी. दुसरा धूळ आणि दिव्याचे वय यांचा, साधारण ०.८. तुमची शिवणाची खोली २० चौरस मीटरची आहे असे धरले, तर ७५० गुणिले २० भागिले ०.४८ (०.६ गुणिले ०.८), म्हणजे ३१,२५० लुमेन. दर वॅटमागे १०० लुमेन धरले तर एका खोलीत तीनशेहून अधिक वॅट बसवावे लागतील. आठ डाउनलाइट तिथे कमीच पडतील.

सावली:
अभियंत्यांचे गणित बरोबर आहे, पण त्या गणिताने घर उजळले तर डोळे दिपतील आणि तरीही सुईत दोरा ओवता येणार नाही. ७५० लक्स हवेत ते सुईखाली. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या गठ्ठ्याला त्यांची काही गरज नाही. प्रकाश दुप्पट अंतरावर गेला की एक-चतुर्थांश उरतो, हा नियम आपल्या बाजूने वापरावा. ३०० लुमेनचा, ६० अंशांच्या शंकूत प्रकाश टाकणारा लहानसा दिवा यंत्रापासून अर्ध्या मीटरवर लावला, तर त्याच्या मध्यभागी साधारण १४०० लक्स मिळतात. म्हणजे छतावरून २५०-३०० लक्सचा सर्वसाधारण उजेड आणि प्रत्येक यंत्रावर एक वळवता येणारा दिवा. वरच्या हिशेबातले तीस हजार लुमेन यात बारा हजारांवर येतात आणि शिवण अधिक स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट सावलीची. दिवा कारागिराच्या पाठीमागे छतात असेल तर त्याच्याच डोक्याची सावली कापडावर पडणार, मग दिवा कितीही लुमेनचा असो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून आणि किंचित पुढून मिळायला हवा. म्हणून सीलिंगचा आराखडा काढण्याआधी यंत्रे, कापणीचे टेबल, आरसा आणि पलंग कुठे येणार हे कागदावर काढा. दिव्यांच्या जागा त्यानंतर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो, आणि मग पलंगावर आडवे पडले की डाउनलाइट थेट डोळ्यांत घुसतो.

डाउनलाइटवर शंकूचा कोन छापलेला असतो, तोही वाचा. दोन मीटर खाली ३६ अंशांचा दिवा सुमारे १.३ मीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो आणि ६० अंशांचा २.३ मीटरचे. अरुंद कोनाचे आठ दिवे लावले तर जमिनीवर आठ तेजस्वी चकत्या दिसतील, मध्ये काळोख राहील आणि भिंती अंधारल्यामुळे खोली आहे त्याहून लहान वाटेल. दिव्याखाली अंधार असे आपण म्हणत आलो. या दिव्यांनी दिव्याखालीच तेवढा उजेड ठेवला आहे. खोली उजळ वाटते ती भिंती उजळल्याने, जमीन उजळल्याने नव्हे.

अर्धवट_अभियंता:
यंत्रावरील दिव्याचा मुद्दा मान्य. कापणीच्या टेबलाला मात्र एका बिंदूवरचा उजेड पुरणार नाही, तिथे संपूर्ण टेबलभर सारखा प्रकाश हवा. त्या टेबलाच्या वर, लांबीच्या दिशेने, पसरट झाकणाच्या दोन लांब पट्ट्या लावाव्यात, असे माझे मत आहे.

सावली:
दोन पट्ट्यांना माझे पूर्ण अनुमोदन. एकच लावली तर कात्रीची कडक सावली नेमकी कापाच्या रेषेवर पडते.

रंगपेटी:
चर्चा अजून उजेडाच्या प्रमाणातच अडकली आहे, म्हणून रंगाविषयी लिहिते. कापडाच्या व्यवसायात हाच मुद्दा सर्वांत महाग पडतो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर चढवतात; काही निळा प्रकाश थरातून तसाच पार होतो, बाकीचा पिवळसर होऊन बाहेर पडतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसतात. निळ्या एलईडीसाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याचसाठी. लाल एलईडी १९६२ पासून होते, पण त्यांतून घर उजळता येत नव्हते. या रचनेचा तोटा असा की स्वस्त फॉस्फरमध्ये लाल भाग फार अपुरा असतो. ज्या प्रकाशात लाल नाही, त्या प्रकाशात लाल कापड मातकट दिसणार आणि माणसाची त्वचा आजारी.

हे तपासायला खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे गुण, कमाल १००. घरात ८० चालतो, पण कापड, रंग, आरसा यांसाठी ९० च्या खाली उतरू नये. त्यातही एक मेख आहे. सीआरआय हा आठ फिक्या रंगनमुन्यांच्या गुणांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत नाहीच. त्याचे गुण आर-९ या नावाने वेगळे देतात. ८० सीआरआय असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याजवळही असू शकतो. विक्रेत्याला आर-९ विचारा. माहितीपत्रकात तो ५० च्या वर असेल तर दिवा कापडाच्या कामाला योग्य आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. एकदा गर्द जांभळ्या कापडाला मी दुकानातल्या दिव्याखाली तंतोतंत जुळणारे अस्तर निवडले. उन्हात नेल्यावर कापड लालसर आणि अस्तर निळसर निघाले. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. त्या दिवशीपासून नमुना खिडकीशी नेल्याशिवाय मी कात्री लावत नाही, दिवा कितीही चांगला असो.

वाचनवेडा:
६५०० केल्विनची एवढी निर्भर्त्सना होत आहे, तेव्हा त्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. माझ्या अभ्यासिकेत गेली चार वर्षे तोच प्रकाश आहे. पिवळ्या दिव्यात मला पुस्तक उघडताच डुलकी लागते, पांढऱ्यात लागत नाही. शिवाय ढगाळ दिवसाचा प्रकाशही साधारण ६५०० केल्विनचाच असतो. मग त्यात अनैसर्गिक ते काय?

निशाचर:
अनैसर्गिक काही नाही, फक्त वेळ चुकते. ढगाळ दुपारी बाहेर हजारो लक्स असतात आणि सूर्य डोक्यावर असतो. तोच रंग रात्री दहाला दीडशे लक्सवर आणला की खोली राखाडी आणि उदास भासते. डच भौतिकशास्त्रज्ञ क्रुइटहॉफ यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या आलेखाचे सार हेच होते की मंद उजेडात लोकांना पिवळसर प्रकाश बरा वाटतो आणि प्रखर उजेडात पांढरा. पुढच्या प्रयोगांनी त्या आलेखाच्या तपशिलावर आक्षेप घेतले आहेत, पण घरातला अनुभव साधारण त्याच दिशेचा येतो.

दुसरे असे की दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलानॉप्सिन असलेल्या काही पेशी असतात. त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला, आणि दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवतात. ६५०० केल्विनच्या दिव्यात हा निळा भाग २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याच्या मानाने बराच जास्त असतो. आपली डुलकी टळते ती बहुधा याचमुळे, आणि रात्री बारानंतर झोप लांबत असेल तर तीही याचमुळे.

वाचनवेडा:
रात्री बारानंतर झोप लांबते हे खरे आहे, पण त्याचे श्रेय मी आजवर पुस्तकांना देत होतो. असो. अभ्यासिकेत ४००० केल्विनचा दिवा लावून पाहतो. संपूर्ण शरणागतीची अपेक्षा ठेवू नये.

रंगपेटी:
४००० हा समंजस मध्यबिंदू आहे. एक सूचना मात्र सर्वांनाच करते. एका दृष्टिक्षेपात येणारे दिवे निरनिराळ्या रंगांचे नसावेत. एकाच खोलीत तीन छटा दिसल्या की काहीतरी बिघडले आहे असे वाटत राहते आणि कारण सापडत नाही. दिवे एकाच वेळी, एकाच खेपेतले घ्यावेत आणि दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवावेत. वर्षभराने तोच क्रमांक मागितला तरी छटा हुबेहूब मिळेल याची खात्री नसते.

कपॅसिटर:
बंद पडलेले दिवे उघडणे हा माझा उद्योग आहे, म्हणून 'टिकाऊपणा' या शब्दाविषयी लिहितो. खोक्यावर ५०,००० तास छापलेले असते. रोज पाच तास धरले तर ती सत्तावीस वर्षे होतात. माझ्या टेबलावर येणारे दिवे दोन-तीन वर्षांत येतात आणि तरीही तो आकडा सर्वस्वी खोटा असतो असे नाही, कारण तो चिपविषयी असतो. त्याला एल-७० म्हणतात, म्हणजे चिपचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ. चिपची चाचणी काही हजार तास करतात आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात; रूढ पद्धतीत चाचणीच्या सहा पटींपलीकडे अंदाज नेता येत नाही. चाचणी ६००० तासांची असेल तर ३६,००० च्या पुढचा दावा त्या पद्धतीत बसत नाही.

प्रत्यक्षात आधी मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज चिपला मानवेल अशी करून देणारा भाग. त्यातही सहसा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवून ठेवणारा सुटा भाग. त्याच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. तंतूचा दिवा आपली उष्णता किरणांनी दूर फेकत असे. एलईडी ती फेकत नाही, ती मागच्या बाजूने धातूतूनच बाहेर न्यावी लागते. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात कोंबलेला बल्ब लवकर जातो, आणि त्याच खेपेतला उघड्या होल्डरमधला टिकतो. हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागणारा जास्त वॅटचा बल्ब मी तरी घेत नाही. उष्णता नेणारा धातू कुठेतरी वाचवलेला असतो.

आता धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. छत फोडायला लावणारी चूक म्हणजे ज्याचा ड्रायव्हर बाहेर काढता येत नाही असा दिवा. डाउनलाइट असा घ्या की स्प्रिंगच्या कडा दाबल्या की तो खाली येईल आणि त्याचा ड्रायव्हर वेगळ्या डबीत, जोडपिनेने जोडलेला असेल. त्या डबीवर किती मिलिअँपिअर आणि किती ते किती व्होल्ट हे लिहिलेले असते. त्याच आकड्यांचा दुसरा ड्रायव्हर बसतो आणि दिवा पुन्हा जळू लागतो. डबीवरचा कागद फाटायच्या आत त्याचे छायाचित्र काढून ठेवा. आणि छतात दिव्याभोवती उष्णतारोधक लोकर दाबून भरू देऊ नका.

कंदील:
मग अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब १९०१ पासून कसा जळतो आहे? त्या काळी माणसे इमानदार होती, असा निष्कर्ष मी काढू का?

कपॅसिटर:
काढू नये. तो बल्ब आज जेमतेम मिणमिणतो. त्याच्या उजेडात आपल्याला हा प्रतिसाद वाचता येणार नाही. तंतू मंद तापवला की तो फार टिकतो, पण उजेड पडत नाही आणि वीज मात्र खातो. बल्ब उत्पादकांनी १९२४ मध्ये संगनमत करून आयुष्य १००० तासांवर आणले, हेही खरे आहे, पण आयुष्य आणि उजेड यांतली ओढाताण त्यांनी शोधलेली नव्हती. एलईडीतही ती आहे: तीच चिप कमी प्रवाहावर चालवली तर थंड राहते आणि टिकते, पण तेवढ्याच उजेडाला चिपा जास्त लागतात. स्वस्त बल्बमध्ये मोजक्या चिपांकडून जास्त काम करून घेतलेले असते.

तिसरा_डोळा:
शिवणयंत्राचा उल्लेख आला तरी एका धोक्याविषयी कोणी लिहिलेले नाही. ५० हर्ट्झचा पुरवठा असेल तिथे निकृष्ट ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते आणि वेगाने फिरणारी वस्तू फसवी दिसते. यंत्र मिनिटाला ३००० टाके घालत असेल तर ते सेकंदाला बरोबर ५० होतात, म्हणजे प्रत्येक लुकलुकीला चाकाचा अर्धा फेरा. चार किंवा सहा आऱ्यांचे चाक अशा उजेडात स्थिर असल्यासारखे भासू शकते. बोट कुठे जाईल ते सांगायला नको.

तपासणी सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल वेगाने हलवा; सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, एकामागोमाग सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा नाकारा. फोनचा कॅमेरा दिव्याजवळ नेला की पडद्यावर सरकणारे काळे पट्टे दिसतात तेही हेच, मात्र काही फोन ते आपोआप झाकतात, म्हणून पेन्सिलीवर माझा जास्त विश्वास आहे.

उंबरठा:
सर्वांचे आभार. पेन्सिलीची चाचणी आताच घरातल्या सहा दिव्यांवर केली आणि दोन नापास झाले. त्यातला एक माझ्या डोक्यावरचा होता. आणखी दोन शंका आहेत. सध्याच्या घरात जिन्यातला एलईडी बटण बंद केल्यावरही रात्रभर काजव्यासारखा चमकतो. नव्या घरात हे कसे टाळावे? आणि बैठकीच्या खोलीत उजेड कमी-जास्त करता यावा अशी इच्छा आहे, तर जुना पंख्याचा रेग्युलेटर चालेल का?

फेज_न्यूट्रल:
पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावू नये. दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेले हवे आणि डिमरही एलईडीसाठीचा हवा. जुने डिमर शंभर-दोनशे वॅटच्या ओझ्याची अपेक्षा ठेवून बनवलेले असतात. दहा वॅटच्या एलईडीवर ते अडखळतात, म्हणून दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा तळाशी नेला की एकदम विझतो. जमल्यास दिवा आणि डिमर यांची जोडी विकत घेण्यापूर्वी एकत्र चालवून पाहा.

जिन्यातल्या काजव्याचे कारण बहुधा बटणातला छोटा निऑन दिवा असावा. त्यातून झिरपणारा किंचित प्रवाहही एलईडीला चमकवायला पुरतो. शेजारून धावणाऱ्या लांब तारांमुळेही असे होते. पण तिसरे कारण गंभीर आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असणे. तसे असेल तर बटण बंद केल्यावरही होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. वायरमनकडून हे आधी तपासून घ्या.

व्यवसायाच्या मजल्याविषयी आणखी एक. प्रत्येक ड्रायव्हर चालू होताना क्षणभर नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढतो. वीस-पंचवीस दिवे एकाच बटणावर घेतले, तर एकूण वॅट कमी असूनही एमसीबी (प्रवाह वाढला की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि वायरमन दिव्यांना दोष देतो. दिवे दोन-तीन गटांत विभागा. दुपारी खिडकीजवळचा गट बंद ठेवता येतो, हा वरचा फायदा.

पट्टीवाला:
स्ट्रिपविषयी थोडक्यात सांगतो. मीटरला १४.४ वॅट असलेली ५ मीटरची स्ट्रिप ७२ वॅट घेते. १२ व्होल्टवर तिला ६ अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर ३. प्रवाह जास्त असला की तांब्याच्या बारीक पट्टीत व्होल्ट गळतात आणि दूरचे टोक फिके पडते. म्हणून लांब पल्ल्याला २४ व्होल्टचीच घ्यावी, अॅल्युमिनियमच्या खाचेत चिकटवावी आणि वर दुधी झाकण लावावे. लाकडावर नुसती चिकटवलेली स्ट्रिप तापून वर्षभरात लोंबते, हे मी माझ्याच घरात, माझ्याच हातांनी करून पाहिले आहे.

चष्मेवाली:
घरात वडीलधारी माणसे असतील तर एक विचार अवश्य करावा. साठीच्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे साधारणपणे मानतात. मात्र उपाय उघडा प्रखर दिवा हा नव्हे, कारण वयाबरोबर डोळा दिपण्याचा त्रासही वाढतो. उजेड जास्त हवा, पण दिव्याचा डोळा दिसता कामा नये. आमच्याकडे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मंद, झाकलेला दिवा लावला आणि छतावरचा झगझगीत दिवा काढला. रात्री उठावे लागले तरी आता सासूबाई कोणाला हाक मारत नाहीत.

तिसरा_डोळा:
फोनवरून रंग बदलणाऱ्या बल्बांविषयी कोणीच कसे लिहिले नाही?

कंदील:
माझ्याकडे एक आहे. पहिल्या आठवड्यात घर जांभळे, हिरवे, भगवे होऊन गेले आणि त्यानंतर गेली दोन वर्षे तो पिवळाच आहे. मुले भिंतीवरचे बटण बंद करतात आणि मग तो बुद्धिमान बल्ब फोनला सापडत नाही.

उंबरठा:
आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. जे ठरले ते लिहितो, चूक असेल तर सांगावे. प्रत्येक खोलीतले आठ डाउनलाइट रद्द केले आहेत. झोपण्याच्या खोलीत भिंतीवर वळवलेला अप्रत्यक्ष उजेड आणि उशाशी दोन दिवे, सर्व २७०० केल्विन. बैठकीत ३००० केल्विन, डिमरसह. शिवणाच्या खोलीत ४००० केल्विन, सीआरआय ९०, चार पसरट दिवे आणि प्रत्येक यंत्रावर वळवता येणारा दिवा. कापणीच्या टेबलावर दोन पट्ट्या. विक्रीच्या भागात कपड्यांच्या मांडण्यांवर ३६ अंशांचे दिवे तिरके वळवून, म्हणजे उजेड मालावर पडेल आणि ग्राहकाच्या डोक्यावर नाही. न्हाणीघरात आणि बाहेरच्या ओट्यावर पाण्यापासून संरक्षण असलेले दिवे. ओट्यावर पाऊस थेट येतो म्हणून तिथे आयपी-६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारे. सगळे ड्रायव्हर वेगळे आणि बाहेर निघणारे. सीलिंगवाल्यांनी हा कागद पाहून विचारले की एवढे कमी दिवे लावून उजेड पडेल का. वायरमन मात्र या वेळी हसला नाही.

सावली:
मांडण्यांचे दिवे भिंतीपासून किती अंतरावर ठेवले आहेत? फार जवळ घेतले तर वरच्या कपड्यावर उजेडाची चकती पडेल आणि खालचा काळोखात जाईल. कपड्यांच्या मध्यावर उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश तिरका प्रकाश पडेल एवढे अंतर धरावे. दिवा त्या मध्यापासून दीड मीटर उंच असेल तर हे अंतर ८५ ते ९० सेंटीमीटर येते.

उंबरठा:
साठ सेंटीमीटर ठेवले होते. छिद्रे अजून पाडलेली नाहीत, आजच खुणा बदलतो.

रंगपेटी:
आणि कपडे घालून पाहण्याच्या खोलीतला दिवा? तो आरशाच्या वर एकटा असेल तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, आणि कितीही सुरेख शिवलेले कापड ग्राहकाला आवडत नाही, कारण त्याला स्वतःचा चेहराच आवडलेला नसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावा, चेहऱ्याच्या उंचीवर, दुधी झाकणाच्या.

उंबरठा:
ती खोली आराखड्यात दाखवायचीच राहून गेली होती. वायरमनला आता दूरध्वनी करतो.